उठवणारा फोम

३ मार्च, मंगळवार

फाटली! खिडकीजवळच्या खुर्चीची सीट आज अखेर फाटली. भावजी बसायला आणि टर्रकन आवाज यायला एकच गाठ. कापडातून पिवळा फोम जीभ काढल्यासारखा बाहेर. "अरेच्चा, मी एवढा जड झालो?" — भावजी. "छे हो, कापडच जुनं झालंय," मी म्हटलं. मनात म्हटलं, रोज संध्याकाळी येऊन झोपायची वेळ होईपर्यंत ठिय्या दिला तर दगडसुद्धा झिजेल, कापडाचं काय घेऊन बसलात.

खुर्च्या तशा त्यांच्याच. जाऊबाई गेल्यावर भावजींनी मोठं घर सोडलं, आमच्या मागच्या इमारतीत दोन खोल्या घेतल्या, आणि जेवणाचं टेबल नि सहा खुर्च्या आम्हाला दिल्या. "माझ्याकडे जागा नाही, तुम्ही वापरा." थोरला दीर स्वतःहून काही देतो म्हटल्यावर मी हरखून गेले. खुर्च्या आल्या. आणि खुर्च्यांच्या मागोमाग ते आले! रोज. खिडकीजवळचीच खुर्ची लागते. दुसरी दिली तर "नको, मला इथंच बरं."

बरं, नुसते बसत नाहीत. जन्मभर लिफ्टची तपासणी करायची नोकरी केली, त्यामुळे प्रत्येक गोष्ट लिफ्टची. आणि प्रत्येक लिफ्ट अडकलेली. दोन मजल्यांच्या मध्ये माणसं ओरडताहेत, भावजी वरून दोर तपासताहेत — मग मध्येच भाजीचं कौतुक, मग रस्त्यावरचे खड्डे, मग दुसरी लिफ्ट. पहिल्या लिफ्टमधली माणसं अजून आतच! दोन वर्षांत एकही माणूस बाहेर आल्याचं मला आठवत नाही.

दिवसभर मी दातांच्या दवाखान्यात काउंटरवर. सुजलेले गाल, रडणारी पोरं, "अजून किती वेळ?" घरी आल्यावर मला फक्त शांतता हवी असते. यांच्याबरोबर बसून दोन घास खावेत, चार शब्द बोलावेत. हे तर काय, थोरला भाऊ बोलतोय म्हटल्यावर मान हलवायला मोकळे.

नवीन फोम घालायलाच हवा. सहाही खुर्च्यांना.

४ मार्च, बुधवार

वा गं बाई! काय कल्पना सुचली! खरं तर डॉक्टरांना सुचली. प्रतीक्षालयात नवे बाक घ्यायचेत, माहितीपत्रकं चाळत होते. "फार गुबगुबीत नकोत हं. दात काढून झाला तरी लोक उठत नाहीत."

मी दिवसभर तेवढंच घोळवत होते. एका पेशंटला चुकून दुसऱ्याच्याच दाताचा एक्स-रे दिला.

७ मार्च, शनिवार

फोमच्या दुकानात जाऊन आले. दुकानदाराला नाव आहे, पाटीवर मोठ्या अक्षरात आहे, पण मी त्याचं नाव डेन्सिटी ठेवलंय. कारण तोंड उघडलं की तेच. "ताई, आधी डेन्सिटी बोला." डेन्सिटी म्हणजे फोमचा भरीवपणा. जास्त असली तर फोम वर्षानुवर्षं टिकतो, कमी असली तर चपटा होतो. हे एका वाक्यात सांगता येतं. त्यानं चहा मागवून सांगितलं.

"मला असा द्या," मी म्हटलं, "की बसताना मऊ लागला पाहिजे. आणि थोड्या वेळानं टोचला पाहिजे."

"टोचला पाहिजे?"

"म्हणजे टोचायला नको... पण उठावंसं वाटलं पाहिजे."

तो गालावर हात ठेवून माझ्याकडे बघतच राहिला. (गालावर हात कायमचाच आहे. डावीकडची खालची दाढ, मी पैज लावून सांगते.) "ताई, असा फोम लोक परत करायला येतात. मागायला आलेल्या तुम्ही पहिल्याच."

नमुने आणलेत, पिशवीभर. यांनी विचारलं, "हे काय?" मी म्हटलं, "फोम." "हं," म्हणाले.

८ मार्च, रविवार

दिवसभर बसून होते. पहिल्यांदाच असं म्हणता येतंय!

एकेक तुकडा ओट्याजवळच्या स्टुलावर ठेवायचा आणि त्यावर पेपर वाचायचा. एक आहे जो शरीराचा आकार घेतो. त्यावर बसले ती अग्रलेखसुद्धा वाचून काढला, आणि उठवेना. बाप रे! तो ताबडतोब कपाटात लपवला, भावजींच्या दृष्टीस पडला तर मुक्कामालाच येतील. दुसरा कातरणं दाबून केलेला, रस्त्यासारखा कडक. तो फार प्रामाणिक. बसल्या बसल्या माणूस विचारेल, "हे काय घातलंस?" मला हवाय तो सभ्य फोम. आधी "या, बसा" म्हणणारा आणि मग हळूच घड्याळाकडे बघणारा.

मिळाला! पांढरा, हलका, सर्वांत कमी डेन्सिटीचा. सुरुवातीला ढगासारखा. क्रीडा पानापर्यंत पोचेस्तोवर खालची फळी लागायला लागते. आणि फळी लागली की माझं माकडहाड पहिलं ओरडतं. दवाखान्याच्या ओल्या जिन्यावर पडले होते, त्याला आता कितीतरी वर्षं झाली, पण त्याची तक्रार चालूच. तेव्हा महिनोन्महिने घरी उभ्यानं जेवायचे मी, घोड्यासारखी. जाऊबाईंकडे गेलं की मात्र बसता यायचं. खुर्च्या चांगल्या होत्या त्यांच्या. स्वभावाचं काही म्हणत नाही. पाय आत टाकला की हुकूम — "तिथं नको, इथं बस!" पाहुणीनं कुठं बसायचं तेही त्याच ठरवणार. उभ्या जन्मात माझ्याशी एक वाक्य सरळ बोलल्या नाहीत.

१२ मार्च, गुरुवार

आज अडकलेली लिफ्ट सरकारी इमारतीतली होती. आत एक न्यायाधीश आणि एक कोंबडी. कोंबडी का, ते कळायच्या आत विषय पावसाळी बुटांवर गेला.

बोला, भावजी, बोला. थोडेच दिवस.

१४ मार्च, शनिवार

सीटा सोडवून दुकानात नेल्या. खालून चार स्क्रू काढले की सीट सुटून हातात येते, इतकं सोपं. डेन्सिटीनं माझ्यासमोरच कापडं फाडली. पाच सीटा सारख्या. सहावी, ती खिडकीजवळची फाटकी, आतून वेगळीच निघाली. खाली कडक थर, वर मऊ, त्यावर कापसाची पट्टी, कडा हातानं टाचलेल्या. आणि कडक थराला मागच्या बाजूला मधोमध एक घळ कापलेली, वाटी बसेल एवढी.

"उंदरानं खाल्लं असेल," मी म्हटलं.

"उंदीर इतकं गोल खात नाही, ताई. तुकडा कमी पडला असेल. जुन्या लोकांची काटकसर." मग त्यानं ती सीट अंगठ्यानं दाबून पाहिली. पुन्हा दाबून पाहिली. "माल मात्र चांगलाय हं. हाच ठेवू का एकाला?"

"सगळ्यांना नवा. सारखा. तो फेकून द्या."

"तुमचा तो पांढरा? नक्की? माझ्या दुकानाचं नाव सांगू नका कुणाला."

१५ मार्च, रविवार

खुर्च्या आल्या! काय दिसताहेत! गडद निळं कापड, कडेला बारीक गोट. हे दोनदा फिरून बघून म्हणाले, "छान." यांच्या तोंडून दोन अक्षरं म्हणजे भाषणच.

संध्याकाळी भावजी. बसले. "वा! वा वा! गादीच की!" मी वाढत होते, एक डोळा घड्याळावर. सूप झालं. भात झाला. गिरणीतली लिफ्ट, आत चौघं, दोर तुटायच्या बेतात. तेवढ्यात भावजी डावीकडे सरकले. मग उजवीकडे. मग एक हात टेबलावर टेकून जरा उचलल्यासारखे. मी आपली विचारते, "अजून भात?" "नको, नको... आज जरा निघतो."

दोर तुटला की नाही कुणास ठाऊक! कॉफीसुद्धा न घेता गेले. मी स्वयंपाकघरात जाऊन भांड्यांच्या आवाजात हसून घेतलं.

१७ मार्च, मंगळवार

भावजी खुर्चीच्या अगदी टोकावर बसले. इंटरव्ह्यूला आल्यासारखे. लवकर गेले.

१९ मार्च, गुरुवार

आले, दारातूनच यांच्याशी बोलून गेले. मी "या ना, बसा" म्हटलं. म्हटलं की!

२१ मार्च, शनिवार

आलेच नाहीत. फोन केला यांनी. "काम आहे म्हणतोय." निवृत्त माणसाला शनिवारी कसलं काम?

असो. उद्या माझी शांत संध्याकाळ. भाजी नवीन करणार.

२२ मार्च, रविवार

शांतता होती. अगदी हवी तशी.

एकच गोष्ट विसरले होते. खुर्च्या सहा केल्या, आणि त्यातल्या दोनांवर आम्ही बसतो. हे भात कालवेपर्यंत चुळबुळायला लागले. मी धीर धरला, हसतमुखानं, पण माझं माकडहाड काही हसतमुख नाही. शेवटी यांनी ताट उचललं आणि बाहेर सोफ्यावर गेले. टीव्ही लावला. मी ओट्यापाशी उभी राहून जेवले. भाजी चांगली झाली होती. कुणी म्हटलं नाही.

चार शब्द बोलायचे होते ते राहिले. काय बोलायचे होते तेही आता आठवेना.

२६ मार्च, गुरुवार

कमाल आहे! हे आता रोज जेवण उरकून भावजींकडे जातात. "दादाकडे जाऊन येतो," की गेले. येतात झोपायच्या वेळेला. आज येताना हसत होते. स्वतःशी! मी विचारलं काय झालं, तर म्हणाले, "काही नाही, एक लिफ्टची गोष्ट."

म्हणजे मला शांतता हवी होती ती मिळाली, आणि तिच्यावर नवरा फुकट गेला. घरात मी आणि सहा निळ्या खुर्च्या. बघायला सुंदर.

दिवा लागला की दाराकडे लक्ष जातं. सवय, दुसरं काय.

२८ मार्च, शनिवार

आज मीही यांच्यामागे गेले. भावजींचा डबा कधीचा आमच्याकडे पडलाय, तो द्यायचं निमित्त. दोन वर्षांत मी तिथं कितीदा गेले? दाराच्या आत कधी गेले? कशाला जायचं, तेच यायचे ना.

"ये, ये! बस... म्हणजे, थांब, कुठं बसशील?" एकच घडीची खुर्ची, तिच्यावर पेपरचा ढीग. हे पलंगावर जाऊन बसले, यांची जागा ठरलेली दिसली. भावजी ओट्यापाशी उभे. पातेल्यातच उकडलेले बटाटे, मिठाची वाटी शेजारी. उभ्यानं जेवत होते.

"रोज असंच?" मी विचारलं.

"छे, रोज कुठं! हल्लीच. उभ्यानं पाठीला बरं असतं."

हल्लीच. म्हणजे माझा पांढरा फोम आल्यापासून! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. उभ्यानं जेवणं काय असतं ते मला कुणी सांगायला नको. घास गिळला जातो, जेवण होत नाही.

निघताना सहज म्हणाले, "खुर्च्या छान केल्यास हं. आमच्या हिनंसुद्धा त्यांच्यावर फार खटपट केली होती. स्वतः उसवायच्या, स्वतः भरायच्या. कुणाला हात लावू द्यायची नाही."

जिन्यात माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ती सहावी सीट! तीन थर, हातानं टाचलेली. खिडकीजवळची. ती भावजींचीच असणार, त्यांच्या पाठीसाठी जाऊबाईंनी केलेली. म्हणून "मला इथंच." दोन वर्षं ते बायकोच्या हातच्या सीटवर येऊन बसत होते, आणि मी ती फेकून द्यायला सांगितली. "उंदरानं खाल्लं असेल" म्हणाले मी वर!

यांना सांगितलं नाही. यांनीही विचारलं नाही. पण घरी येताना हात धरला माझा, रस्ता ओलांडताना धरतात तसा. रस्ता ओलांडून झाला तरी सोडला नाही.

३० मार्च, सोमवार

दवाखान्यातून अर्ध्या दिवसाची रजा काढून दुकानात. वाटेत सगळे नवस बोलून झाले. डेन्सिटी गल्ल्यावर बसलेला, गालावर हात.

"तो जुना फोम... तो घळीचा... कचऱ्यात गेला का?"

तो इकडे बघतो, तिकडे बघतो.

"गेला का?"

"ताई, तुम्ही फेका म्हणालात. मग तो कुणाचाच नाही ना?" आणि जरासा उचलून परत टेकला. त्याच्या बुडाखाली तोच होता!

"उठा," मी म्हटलं.

"ताई, ऐका तर. मी दिवसभर बसणारा माणूस. पंचवीस वर्षं फोम विकतोय, पण स्वतः लाकडी स्टुलावर. ह्याच्यावर बसल्यापासून घरी जाऊन बायकोवर ओरडलो नाही. तिला विचारा हवं तर. तुम्हाला मी चाळीस डेन्सिटीचा नवा देतो, दोन देतो..."

"मला चाळीस नको, हाच हवा."

कसा उठेल? आता मला कळलं चांगल्या फोमवरच्या माणसाला उठवणं म्हणजे काय! विनवलं, रागावले, डोळ्यांत पाणी आणून पाहिलं (आणायची गरज पडली नाही, आलंच होतं). शेवटी माझं शस्त्र काढलं. "दाढ कधीपासून दुखतेय?"

"कोणती दाढ?"

"डावीकडची, खालची. उद्या सकाळी पहिला नंबर. ताटकळायचं नाही. आणि डॉक्टरांना मी स्वतः सांगेन, हात हलका ठेवा म्हणून."

तो बराच वेळ गाल चोळत राहिला. मग उठला.

३१ मार्च, मंगळवार

डेन्सिटीची दाढ काढली. नव्या बाकावर बसून, तोंडात कापूस धरून मला म्हणाला, "हा फोम कुणी दिला हो तुम्हाला? बसवत नाही." आणि लगेच उठून गेला. डॉक्टर खूष.

४ एप्रिल, शनिवार

पांढऱ्याची हकालपट्टी. पाच खुर्च्यांना चाळीसचा, खिडकीजवळच्या खुर्चीला तोच जुना. वरून सगळ्या सारख्याच निळ्या. डेन्सिटीनं तो चढवताना स्टेपल गन दोनदा खाली ठेवली आणि सुस्कारा सोडला. तळव्यानं दाबून बघितला मी. घळ तशीच आहे. बुजवू का म्हणून विचारत होता, मी नको म्हटलं. त्यांनी ठेवली असेल तशी राहू दे.

भावजींना फोन मी केला. यांनी नाही, मी. "उद्या जेवायला या. आणि परवाही या." पलीकडे पातेलं खाली ठेवल्याचा आवाज. मग, "काय गं, बरी आहेस ना?"

५ एप्रिल, रविवार

आले. मी खिडकीजवळची खुर्ची ओढून दिली. "बसा. तुमची परत आणली."

सीटवर हात फिरवला, दाबून पाहिलं. हसायला लागले. "माझी कुठली? ही तुझी! तू जिन्यावरून पडली होतीस ना, तेव्हा हिनं केलीन. तुझं हाड टेकू नये म्हणून ती घळ. वाटीएवढा तुकडा कापायला चार फोम वाया घालवलेन. 'तिला सांगायचं नाही हं, सांगितलं तर मुद्दाम दुसऱ्या खुर्चीवर बसेल' म्हणायची."

तिथं नको, इथं बस.

"मग तुम्ही का बसत होतात तिच्यावर?" मी विचारलं.

"आरामशीर आहे ना! म्हटलं, तू उठवशील तेव्हा उठू."

मी बसले. हाड टेकलं नाही. भावजी समोरच्या खुर्चीवर बसले आणि गिरणीतली लिफ्ट सुरू झाली. मी मध्ये भात वाढायला उठले नाही. दोर तुटला नाही. चौघंही बाहेर आली.